तुला कधी कळलं?

१९ जुलै २०२३ला स्टॅनफर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाव्हीन यांनी राजीनामा जाहीर केला. त्यांच्या संशोधनाच्या चौकशीचा अहवालही त्याच दिवशी बाहेर आला. त्यांनी स्वतः गैरप्रकार केलेला नाही, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या ऑफिसात डबा खाताना एकजण म्हणाला, "अरे, क्लीन चिट मिळाली की! मग राजीनामा कशाला?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आता देतो.

हे गृहस्थ मोठे मेंदूशास्त्रज्ञ. त्यांच्या काही शोधनिबंधांतली चित्रं फेरफार केल्यासारखी दिसतात, अशा शंका 'पबपीअर' या साइटवर कित्येक वर्षं पडून होत्या. नोव्हेंबर २०२२मध्ये 'द स्टॅनफर्ड डेली' या विद्यार्थ्यांच्या दैनिकात थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या मुलाने त्याची बातमी केली. पहिल्या वर्षाच्या! (त्या वयात मी मेसच्या भाजीवर व्हॉट्सअ‍ॅपवर मीम बनवत होतो.) मग विश्वस्तांची समिती बसली. तिच्यातल्या एका विश्वस्ताची गुंतवणूक अध्यक्षांनीच सहसंस्थापक म्हणून उभ्या केलेल्या कंपनीत निघाली आणि त्याला बाजूला व्हावं लागलं.

क्लीन चिटवाल्यांनी अहवालातलं एक वाक्य वाचलं आणि फोन खाली ठेवला. तज्ज्ञांनी १२ निबंध तपासले होते. टेसिए-लाव्हीन यांनी चालवलेल्या प्रयोगशाळांमध्ये, वेगवेगळ्या संस्थांत आणि वेगवेगळ्या माणसांच्या हातून, डेटातले फेरफार किंवा ढिसाळ काम नेहमीपेक्षा जास्त वेळा झालं होतं. साहेब सगळीकडे तेच. शिवाय शंका पुढे आल्या तेव्हा, म्हणजे २००१, २०१०च्या दशकाची सुरुवात, २०१५-१६ आणि मार्च २०२१, त्यांनी चुका ठामपणे दुरुस्त केल्या नाहीत.

२००१चंच बघा. निबंध छापून काही आठवडे झाले असतील, एका सहकाऱ्याने त्यातली चूक दाखवली. दुरुस्ती करतो, असं साहेबांनी लेखी कळवलं. आणि नियतकालिकाला कळवलंच नाही. २०१५मध्ये त्यांनी 'सायन्स'ला दुरुस्त्या पाठवल्या होत्या आणि त्या 'सायन्स'च्याच चुकीने छापल्या गेल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण मग आठवण करून द्यायची की नाही? कुरिअर पोचलं नाही तर आपण दिवसातून चार फोन करतो. शेवटी २००१चे 'सायन्स'मधले दोन निबंध मागे घेतले गेले ते २०२३मध्ये. मधली २२ वर्षं इतर संशोधक ते खरे धरून चालले असतील, त्यांचा हिशोब कोण देणार?

माझ्या धंद्यात याला उत्तर आहे. दोन वर्षांपूर्वी एका ज्युनिअरने मला दाखवलं, की आमच्या रिपोर्टमध्ये काही नोंदी दोनदा मोजल्या जातायत. मी 'बघतो' असं लिहून तिकीट बॅकलॉगमध्ये टाकलं. आठ महिन्यांनी क्लायंटनेच ते पकडलं. मीटिंगमध्ये तो कोड कोणी लिहिला, हे कोणीही विचारलं नाही. मॅनेजरने मला एकच विचारलं, "तुला कधी कळलं?" मी खाली बघत तारीख सांगितली. कोड माझा नव्हता. ते आठ महिने मात्र माझे होते.

राजीनाम्याच्या पत्रात टेसिए-लाव्हीन यांनी आपण फसवणूक केली नाही, असा निष्कर्ष आल्याबद्दल समाधान व्यक्त केलं, आणि दुरुस्त्यांबाबत जास्त दक्ष राहायला हवं होतं, हेही कबूल केलं. मला विचाराल तर दुसरं वाक्य आधी यायला हवं होतं, तेही मुलांच्या पेपरने दार ठोठावलं त्या पहिल्या आठवड्यात. अध्यक्षपद गेलं, प्राध्यापकी मात्र कायम राहिली.

अहवालातली एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. प्रयोगशाळेत हवे ते निकाल आणणारे जिंकतात आणि न आणणारे कडेला पडतात, असं काहींनी समितीला सांगितलं होतं. अशा खोलीत साहेबाला 'खोटं कर' म्हणावं लागतच नाही.

हे मला कळतं, कारण मी अशा खोलीत बसलोय. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला आमची अचूकता ७१ टक्के येत होती. गाईड सरांनी आलेखाकडे बघितलं आणि म्हणाले, "हा एक्स्टर्नलला दाखवणार? बघा काहीतरी." एवढंच. रात्री आम्ही चौघांनी ९३ टक्के बघितले. सरांची चौकशी झाली असती तर त्यांनाही क्लीन चिट मिळाली असती, आणि कागदावर ती बरोबरही ठरली असती.

काळ्या बाइंडिंगची ती प्रत अजून कॉलेजच्या लायब्ररीत असेल. आकडा चुकीचा आहे, हे मीही आजवर कोणाला कळवलेलं नाही.