कागलच्या लेकीची खुर्ची

वारणा आणि पंचगंगा ओलांडून आमच्या शिराळ्याहून दक्षिणेस गेले म्हणजे जे कागल लागते, तेथील घाटगे घराण्याची कन्या संयोगिताराजे इंदूरच्या यशवंतराव होळकरांची महाराणी झाली. आणि १९३० च्या सुमारास माणिकबाग या आपल्या नव्या महालासाठी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाच्या सल्ल्याने या तरुण दांपत्याने युरोपातून जे सामान जमविले, त्यात आयलीन ग्रे या आयरिश कलावतीने रचलेली ‘ट्रान्सॅट’ नामक आरामखुर्ची होती.

अटलांटिकवरील आगबोटींच्या डेकखुर्च्यांवरून तिचे नाव पडले. सरळ रेषांची लाकडी चौकट, धातूचे सांधे, आणि मध्ये झोळीसारखे सैल टांगलेले आसन, एवढाच तिचा संसार. परंतु तिच्या रोगणाचे कूळ जपानी आहे. पॅरिसमध्ये सेईझो सुगावारा या जपानी कारागिरापाशी ग्रेबाईंनी ही विद्या वर्षानुवर्षे अभ्यासिली. आमच्या सावंतवाडीची लाख कीटकापासून निपजते, तर जपानी रोगण हा वृक्षाचा चीक. तो त्वचेवर पुरळ उठवितो, दमट हवेतच घट्ट होतो, आणि पातळ थर देऊन, वाळवून, घासून पुन्हा दुसरा थर देण्याची तपश्चर्या केल्यावाचून आपले तेज प्रकट करीत नाही. ग्रेबाईंच्या हातांना या चिकाची बाधा झाली, तरी त्यांनी तो सोडला नाही. त्या निष्ठेपुढे मी नतमस्तक आहे.

संयोगिताराजे १९३७ साली अकाली निवर्तल्या, संस्थान विलीन झाले, माणिकबागेत पुढे केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क खात्याची कचेरी आली, आणि १९८० च्या मे महिन्यात महालाचे सामान मोनॅको येथे लिलावात निघाले. होळकरांची ट्रान्सॅट २०१४ साली न्यूयॉर्कला पुन्हा विक्रीस आली. परदेशी जाणाऱ्या पुरावस्तूंना अटकाव करणाऱ्या आपल्या १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षे पुरी झालेली वस्तूच सामान्यतः पुरावस्तू ठरते. १९८० साली पन्नाशीत असलेल्या खुर्चीस त्याचा आधार कोठून मिळणार? संयोगिताराजे निवर्तल्या त्याच सुमारास, १९३८ साली, औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपला संग्रह डोंगरावरील संग्रहालयात रयतेसाठी खुला केला, म्हणून तो आजही सातारा जिल्ह्यातच आहे. दोन्ही अधिपती रसिक होते, पण माझ्या मते पंतांची दृष्टी अधिक दूरची होती.

ग्रेबाईंच्याच दुसऱ्या एका खुर्चीस २००९ साली पॅरिसच्या लिलावात सुमारे २ कोटी १९ लाख युरो मिळाले. अशा किमतीमागे कारागिरीइतकाच त्या वस्तूच्या वंशावळीचा दाखला उभा असतो, आणि नेमका तोच आमच्याकडे नसतो. शिराळ्याच्या मोरणा नदीकाठचे जुने वाडे उतरविले जात असता शिसवी खुर्च्या, संदुका, दिवाण जुन्या बाजारवाल्याच्या टेम्पोत चढतात, ते कोणत्या सुताराने कोणासाठी घडविले याची एक ओळही मागे न ठेवता. शिराळकरांना माझी विनंती आहे : विकणे भागच असेल तर अवश्य विका, पण तत्पूर्वी वस्तूचे छायाचित्र घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून तिची हकीकत कागदावर उतरवा, आणि त्या कागदाची एक प्रत आपल्या दप्तरी ठेवून दुसरी घेणाऱ्याच्या हाती द्या.