झडती कोणी घ्यायची?

रक्तदाब तपासायला येणारे माझे एक पेशंट कारागृहात शिपाई आहेत. गेल्या महिन्यात सहज म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडं एक तृतीयपंथी कैदी आला होता. झडती कोणी घ्यायची, यावरच तासभर हसणं चाललं."

मी विचारले, "ती पाणी किती प्यायची?"

'ती' ऐकून ते जरा चपापले. म्हणाले, "पाणी नकोच म्हणायचा. पोट दुखतंय म्हणायचा."

वाचकहो, इथेच हा विषय आरोग्याच्या सदरात येतो. संडासात गेल्यावर थट्टा होईल, कोणी अंगचटीला येईल, अशी धास्ती असली की माणूस पाणी कमी पितो, लघवी तुंबवतो. मग जळजळ, जंतुसंसर्ग, पुढे मूतखडा. आपल्या दुष्काळी भागाला मूतखडा नवा नाही. पण इथे रांजण भरलेला असतो. क्षयाच्या किंवा एचआयव्हीच्या गोळ्या चालू असल्या तरी हसणाऱ्या माणसाला ते कोण सांगणार? गोळ्या चुकतात, आजार बळावतो.

झडतीचे उत्तर केंद्रीय गृह मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्येच राज्यांना कळवले आहे. कैद्याच्या पसंतीच्या लिंगाच्या कर्मचाऱ्याने किंवा प्रशिक्षित वैद्यकीय कर्मचाऱ्याने, आडोशाला झडती घ्यावी. संडास-न्हाणी वेगळी हवी. मात्र वेगळे ठेवणे म्हणजे एकटे कोंडणे नव्हे. हे पत्र फायलीत न ठेवता हजेरीच्या वेळी वाचून दाखवावे आणि कारागृहाच्या डॉक्टरांनीच ते समजावून सांगावे, असे माझे मत आहे.

"उद्या असा कोणी आमच्यातच भरती झाला तर?" शिपाईदादांनी विचारले. प्रश्न लांबचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दट्ट्यामुळे पोलीस शिपाई भरतीत तृतीयपंथीयांना वाट मिळाली. त्याआधी शेजारच्या बीड जिल्ह्यातील पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. ती नाकारली गेली, प्रकरण न्यायालयात गेले. २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली आणि ललित साळवे खाकीतच राहिले. पोलीस दलाचे काही अडले नाही.

शिपायांनाच का बोलू? तुळजापुरात जोगत्याच्या परडीत पीठ घालून पाया पडणारा मी, त्यालाच दवाखान्यात सर्वांत शेवटी तपासत असे. इतर पेशंट कुरकुरतात म्हणून!

निघताना शिपाईदादांना विचारले, "आता कशी आहे?"

"सुटली, साहेब," ते म्हणाले. "पोटदुखी तशीच घेऊन गेली."