मोडीत निघालेली जहाजे आणि बेदखल मजूर

अमेरिकेत वापरलेली एखादी हौसेची बोट तिच्या ट्रेलरसह विकत घेऊन कॅनडात न्यावयाची, तर घेणाऱ्यास सीमेवरील नाक्यावर बारीकसारीक हिशेब द्यावा लागतो. विक्रीची पावती, मालकीचा दाखला, बोटीवर कोरलेला क्रमांक, ती कोणत्या देशात बांधली गेली याचा पुरावा, हे सारे पाहून मगच कर आकारला जातो. ट्रेलर हे रस्त्यावरचे वाहन. त्यामुळे त्याची नोंद वेगळी आणि नियमही वेगळे. एवढ्यावरही भागत नाही. १९८८ साली तेथील महासरोवरांच्या परिसरात झेब्रा नावाचा, नखाएवढा परका शिंपला सापडला. परदेशी जहाजांच्या पोटातील पाण्यातून आलेला हा जीव झपाट्याने पसरला आणि पाण्याचे नळ तुंबवू लागला. तेव्हापासून पाश्चात्त्य बोटवाल्यांना त्याची धास्ती आहे. कॅनडाच्या पश्चिमेकडील प्रांतांत तपासणी नाका लागला की बोट थांबवावीच लागते. तिचा तळ, बूच, पाण्याच्या टाक्या पाहिल्या जातात. शिंपला आढळला तर बोट धुऊन स्वच्छ झाल्याखेरीज पुढे सरकत नाही.

यात हसण्यासारखे काही नाही. आपल्या सरोवरांची एवढी काळजी एखादा समाज घेत असेल तर ते त्याला भूषणावहच आहे. जुनी वस्तू सीमा ओलांडते तेव्हा ती एकटी येत नाही, तिच्या पोटात दडलेले संकटही तिच्याबरोबर येते, हे तत्त्व त्या तपासणीमागे आहे. प्रश्न असा की, चार माणसांच्या बोटीला लावले जाणारे हे तत्त्व हजारो टनांच्या जुन्या जहाजाला, ते गरीब देशाच्या किनाऱ्याकडे निघाले असता, तितक्याच काटेकोरपणे का लावले जात नाही?

जुन्या जहाजांची ही आयात भारताला नवी नाही. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातील अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ च्या फेब्रुवारीत पहिले जहाज तोडण्यासाठी चढवले गेले. खंबातच्या आखातात भरती आणि ओहोटी यांतील अंतर फार मोठे आहे. उधाणाच्या भरतीला जहाज स्वतःच्या यंत्राच्या जोरावर किनाऱ्यावर घुसवावयाचे आणि ओहोटी लागली की चिखलात उभे राहून ते कापावयाचे, अशी ही पद्धत. बांधीव गोदी नको, मोठा खर्च नको. निसर्गाने दिलेली ही सोय भांडवलाला फुकट मिळाली. तिची किंमत मात्र ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड येथून आलेल्या मजुरांनी चुकती केली. उंचावरून पडणे, लोखंडी पत्रा अंगावर कोसळणे, टाकीत साठलेल्या वायूचा गॅस कटरच्या ठिणगीने भडका उडणे, ही या धंद्यातील मरणाची नेहमीची रूपे होत. पाकिस्तानात गदानी येथे १ नोव्हेंबर २०१६ रोजी एका तेलवाहू जहाजात झालेल्या स्फोटात वीसहून अधिक मजूर मृत्युमुखी पडले. किनारा बदलला तरी रीत तीच राहते, हे त्या घटनेने दाखवून दिले.

स्फोटातील मरण निदान दिसते. ॲस्बेस्टॉसचे मरण दिसतही नाही. जुन्या जहाजांच्या यंत्रशाळेत, नळांभोवती, भिंतींच्या आत हा तंतू भरलेला असतो. तो श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन बसतो आणि रोग बहुधा पंधरा-वीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा वर येतो. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीच्या २००६ च्या अहवालात, ॲस्बेस्टॉस हाताळणाऱ्या ज्या मजुरांची तपासणी झाली त्यांपैकी सुमारे १६ टक्क्यांत या रोगाची आरंभीची चिन्हे आढळल्याची नोंद आहे. नळ तुंबवणाऱ्या शिंपल्यासाठी नाका उभारता येतो. माणसाचे फुप्फुस तुंबवणाऱ्या तंतूसाठी तो का उभारता येऊ नये?

कायदेच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. घातक कचऱ्याची सीमापार वाहतूक आवरण्यासाठी बाझल येथे १९८९ साली आंतरराष्ट्रीय करार झाला. धनिक देशांनी असा कचरा इतर देशांत पाठवू नये, ही त्यातील दुरुस्ती २०१९ च्या डिसेंबरात अंमलात आली. परंतु जहाज हा चालता माल आहे. जोपर्यंत ते माल वाहत आहे तोपर्यंत ते कचरा नव्हे, जहाजच, असा पवित्रा मालक घेतात. जहाज भंगारात काढावयाचे ठरले की मूळ कंपनी ते रोकड मोजणाऱ्या दलालाला विकते. दलाल त्यावर कोमोरोस, पलाऊ अशा एखाद्या छोट्या देशाचा झेंडा चढवतो, नाव बदलतो आणि शेवटच्या फेरीला धाडतो. युरोपातील बंदरातून निघताना जे जहाज होते, ते हिंदी महासागरात आल्यावर भंगार होते. मधल्या पाण्यात मालकाची जबाबदारी बुडालेली असते.

ही चलाखी उघडी पाडता येते, याचा दाखलाही आहे. फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही विमानवाहू युद्धनौका ३१ डिसेंबर २००५ रोजी तुलाँहून अलंगकडे निघाली. तिच्यातील ॲस्बेस्टॉसवरून दोन्ही देशांत ओरड झाली, फ्रान्समधील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ही निर्यात स्थगित केली आणि २००६ च्या फेब्रुवारीत तिला माघारी बोलवावे लागले. पुढे ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तोडली गेली. म्हणजे हे काम धनिक देशांत होऊच शकत नाही, हा युक्तिवाद खोटा ठरला. ते तेथे महाग पडते, एवढेच खरे. याच्या उलट, त्याच वर्षी ‘ब्ल्यू लेडी’ हे जुने प्रवासी जहाज अलंगला लागले. त्यातील ॲस्बेस्टॉसची माहिती असूनही २००७ च्या सप्टेंबरात ते तोडण्यास परवानगी मिळाली. त्यासाठी रोजगार आणि पोलाद या दोहोंचा दाखला देण्यात आला. जहाज येथे येण्यापूर्वी मालकाने ते घातक द्रव्यांपासून मुक्त करावे, असे सर्वोच्च न्यायालयानेच ऑक्टोबर २००३ मध्ये बजावले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आता नवे पर्व सुरू झाल्याचे सांगितले जाते. २००९ साली हाँगकाँग येथे जहाजतोडणीविषयी स्वतंत्र करार झाला. भारताने २०१९ मध्ये तो स्वीकारला, त्याच वर्षी जहाज पुनर्वापर कायदा केला आणि २६ जून २०२५ पासून हा करार जगभर लागू झाला. जहाजावरील घातक द्रव्यांची यादी, तोडणीचा आराखडा आणि मान्यताप्राप्त जागा, या तीन गोष्टी त्याने बंधनकारक केल्या. भारतीय कायद्यात मजुरांच्या विम्याचीही तरतूद आहे. अलंगच्या अनेक प्लॉटांवर पक्क्या फरशा झाल्या, यंत्रे आली, प्रशिक्षणही सुरू झाले. ही सुधारणा नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तीमागे केवळ मालकांचे औदार्य नव्हते. न्यायालयात झगडणारे कार्यकर्ते आणि संघटित होऊ पाहणारे मजूर यांचा रेटा होता.

तथापि या करारातील उणिवा नजरेआड करून चालणार नाही. किनाऱ्यावर जहाज घुसवून तोडण्यास तो मनाई करीत नाही. घातक द्रव्ये मूळ मालकाने काढून द्यावीत, असे बंधन तो घालीत नाही. यादी कागदावर असते, ॲस्बेस्टॉस जहाजातच असतो आणि तो काढणारे हात मजुराचेच असतात. विमा मिळतो तो हजेरीपटावर नाव असलेल्याला. मुकादमामार्फत आलेल्या, काम संपताच गावी परतणाऱ्या मजुराला वीस वर्षांनी धाप लागेल, तेव्हा त्याच्या हाती त्या जहाजाचे नाव सांगणारा एक कागदही नसेल. गावच्या दवाखान्यात त्याच्यावर क्षयाचे उपचार होतील आणि त्याचे मरण कोणत्याच हिशेबात धरले जाणार नाही.

दुसरीकडे सवलतींची खैरात आहे. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जहाजबांधणीच्या सामग्रीवरील सीमाशुल्काची माफी आणखी दहा वर्षे चालू ठेवताना जहाजतोडणीलाही तीच सवलत देण्यात आली. जहाज येथे मोडीत काढणाऱ्या मालकाला नव्या जहाजासाठी पतपत्र देण्याची योजनाही जाहीर झाली. समाजाच्या तिजोरीतून धंद्याला साहाय्य मिळत असेल, तर त्या बदल्यात समाजाने मजुराच्या जीविताची हमी मागणे यात अवाजवी काय आहे?

येथे एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. हा धंदा बंद करा, अशी मागणी कोणी समंजस समाजवादी करणार नाही. भंगारातून मिळणारे पोलाद खनिज आणि कोळसा वाचवते, हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. ‘काम की प्राण’ असा पेच मजुरापुढे टाकणे ही मालकांची जुनीच युक्ती आहे. सुरक्षित काम हीच त्याची मागणी असली पाहिजे. म्हणून जहाजाला आयातीची परवानगी देतानाच काही अटी घातल्या पाहिजेत. घातक द्रव्यांची यादी मजुरांच्या भाषेत प्लॉटवर लावली जावी आणि त्यांच्या संघटनेच्या हाती दिली जावी. झेंडा कितीही वेळा बदलला तरी ज्या कंपनीने जहाजावर नफा कमावला तिच्याकडून मजुरांच्या निधीसाठी अनामत घेतली जावी. प्रत्येक मजुराला नेमणूकपत्र आणि त्याने तोडलेल्या जहाजांची नोंदवही मिळावी. काम सुटल्यावरही त्याची आरोग्य तपासणी चालू राहावी, मग तो कोणत्याही राज्यात असो.

मुंबईकरांनी हा प्रश्न दूरचा समजू नये. रे रोडजवळच्या दारूखान्यातही जहाजे तुटत आली आहेत. १९७१ च्या युद्धात गाजलेली ‘विक्रांत’ २०१४ साली तेथेच मोडीत निघाली. तिचे पोलाद कोठे गेले याची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. ती कापणाऱ्या मजुरांची प्रकृती आज कशी आहे, हे विचारावयास कोणी गेले नाही. गोदी विभागातील कार्यकर्त्यांनी दारूखान्यातील जुन्या मजुरांची यादी करणे, त्यांची तपासणी घडवून आणणे आणि त्यांच्या धापेचे खरे कारण सरकारी कागदावर आणणे, हे काम कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता आजच हाती घेता येण्यासारखे आहे. बोटीच्या तळाला चिकटलेल्या शिंपल्याची नोंद जे जग ठेवू शकते, त्याला माणसाच्या फुप्फुसाची नोंद ठेवणे भाग पाडता येईल. मात्र ती सुरुवात मजुरांच्या वस्तीतूनच झाली पाहिजे.