लॉनवर फवारा? जरा थांबा!

सोसायटीच्या लॉनमध्ये तण दिसलं की ग्रुपवर लगेच मेसेज पडतो, 'फवारून टाका!' अहो, तिथेच तुमची चिल्लीपिल्ली लोळतात. शिवाय ग्लायफोसेट हरळी आणि तण असा भेद करत नाही, दोन्ही जाळतं. त्यापेक्षा पाऊस पडून गेला की खुरपं घ्या. ओल्या मातीतून घोळ मुळासकट निघते (तिची भाजी मस्त होते, पण फवारलेल्या जागेची नको!). गाजर गवत फुलायच्या आधीच, हातमोजे घालून उपटा. त्याची अ‍ॅलर्जी वाईट. खरा चिवट लव्हाळा. वरून ओढलात तर पात तुटते आणि जमिनीतल्या गाठीतून तो पुन्हा फुटतो. गाठीसकट खणा, आला की परत खणा. आणि मशीन फिरवताना लॉनचं टक्कल करू नका. हरळी दाट राहिली तर नव्या तणाला ऊनच मिळत नाही.