वास्तुविद्येचे संशोधन गावापर्यंत यावे

विद्यापीठातील वास्तुविद्येचा प्राध्यापक कशावर संशोधन करतो, याच्याशी खेड्यातील माणसाचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव, कोल्हापूर, सांगली जिल्ह्यांत हजारो घरांची पडझड झाली, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारातच येऊन उभा राहिला होता. कोणती भिंत वाचेल, कोणती उतरवावी, नवे जोते किती उंच घ्यावे, हे अभ्यासून सांगणारा माणूस गावोगाव हवा होता.

असा अभ्यास वास्तुविद्येच्या शिक्षकांनीच करावयाचा असतो. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी १९६२ साली अहमदाबादेत वास्तुविद्येची शाळा काढली. पुढे संशोधनसंस्थाही उभी केली. त्या संस्थेने कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाच्या शिक्षकांबरोबर १९८० नंतरच्या काळात इंदूरच्या गरीब वस्त्या मोजून काढल्या. ओटा कसा वापरला जातो, दारापुढच्या जागेत कोणता धंदा चालतो, गल्ली किती रुंद लागते, याच्या नोंदी केल्या. इंदूरच्या अरण्य वसाहतीत जोते, संडास आणि पाण्याची सोय आधी देऊन उरलेले घर कुटुंबाने ऐपतीप्रमाणे वाढवावे, अशी रचना झाली. १९९५ साली तिला आगाखान पुरस्कार मिळाला. संशोधन लोकांच्या उपयोगी पडते ते असे.

आज विद्यापीठांचे वातावरण पालटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी बढतीसाठी गुण मोजण्याची पद्धत आणली आणि छापून आलेल्या निबंधांना मोठे वजन आले. मान्य नियतकालिकांची यादी झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ती बंदही केली. नियम बदलत राहिले, निबंधांची मोजदाद सुटली नाही. इंग्रजी निबंधाला गुण मिळतात. आठ दिवस गावात राहून जुना वाडा मोजणाऱ्याच्या पदरात काय पडते?

पीएच.डी. नको, असे आमचे म्हणणे नाही. शिक्षकाने अभ्यास केलाच पाहिजे. मात्र मोजमापाचे नकाशे, दुरुस्तीचे प्रयोग आणि गवंडी-सुतारांच्या माहितीची नोंद यांनाही संशोधनाचा दर्जा मिळाला पाहिजे.

येथे भाषेचा प्रश्न येतो. जोते, सोपा, माजघर, तुळई, आढे, वासा, खण, गिलावा या शब्दांमध्ये पिढ्यांचे ज्ञान साठलेले आहे. वृद्ध गवंड्याला मराठीत विचारले तरच तो ते मोकळेपणाने सांगेल. घर पडते तेव्हा त्याबरोबर हे शब्दही जातात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च शिक्षणात भारतीय भाषांचा पुरस्कार केला आहे; त्याची कसोटी येथेच लागेल.

१९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या मच्छे येथे आहे. त्याच्याशी संलग्न वास्तुविद्या महाविद्यालयांनी सीमाभागातील घरांची पाहणी हाती घ्यावी आणि तिचे निष्कर्ष मराठी व कन्नड दोन्ही भाषांत ग्रामपंचायतींना द्यावेत, अशी आमची मागणी आहे. गावातील शिक्षकांनी व तरुण मंडळांनीही हातावर हात ठेवून बसू नये. जुन्या घरांची मापे, छायाचित्रे आणि गवंड्यांचे बोल आजच वहीत उतरवून ठेवावेत. पुढचा पूर कोणासाठी थांबणार नाही.