रिकामी तक्रारपेटी

खुलताबादेस येणारा पाहुणा भद्रा मारुतीपुढे नारळ फोडतो, दर्ग्यात चादर चढवतो आणि वेरूळच्या वाटेला लागतो. इथल्या शाळेत डोकावण्याचे त्याला कारण नाही. डोकावलाच, तर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर त्याला एक कुलूपबंद तक्रारपेटी दिसेल आणि भिंतीवर ‘सखी सावित्री समिती’चा फलक. मार्च २०२२च्या शासननिर्णयाने ही समिती शाळाशाळांतून आली. हेतू थोर आहे : मुलांची सुरक्षितता, समुपदेशन, बालविवाहाला आळा. सभा होतात, इतिवृत्त लिहिले जाते, सह्या होतात. पेटी उघडावी, तर आत धूळ!

‘तक्रार नाही, म्हणजे सारे ठीक आहे,’ असे यावर आम्हांला सांगण्यात येते. वा रे तर्कशास्त्र! जी गोष्ट चौदा वर्षांची पोर सख्ख्या आईजवळ बोलत नाही, ती चिठ्ठीवर लिहून, साऱ्या शाळेच्या डोळ्यांदेखत पेटीत टाकील काय?

माझीच गोष्ट सांगतो. नववीतली एक मुलगी दिवाळीच्या सुटीनंतर परतली नाही. सुटीआधी महिनाभर ती खिडकीजवळच्या बाकावर गप्प बसे. मी तिला दोनदा हटकले, ते गृहपाठासाठी! तिचे लग्न ठरल्याचे वर्गातल्या निम्म्या मुलींना ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते समितीला आणि मला. पुढे कित्येक दिवस मी तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ मांडीत राहिलो.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. शिवाय मुलांच्या लहान लहान गटांना, विशेषतः परीक्षेच्या काळात, स्वतंत्र मार्गदर्शक द्यावेत. मला या दोहोंत दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. समुपदेशक हवाच, पण मूल आधी बोलते ते ओळखीच्या माणसाजवळ.

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अंमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. छात्रालय त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी पेटी टांगली नाही. मुलांच्या खोल्या झाडल्या आणि मुलांसाठी स्वहस्ते दैनिक लिहिले.

‘सगळ्यांनीच साने गुरुजी कसे व्हावे?’ नकाच होऊ! एका शिक्षकाकडे पंधरा मुले द्या, आठवड्याला अर्धा तास द्या, आणि तो वेळापत्रकात छापा. त्या तासाला नोंदवही नको, वर पाठवायला छायाचित्र नको. धोका दिसला, तर समुपदेशकाला गाठावे, १०९८ फिरवावा. एरवी नुसते ऐकावे. वेळ नाही म्हणता? मतदारयाद्यांना आणि ऑनलाइन माहिती भरायला तो बरा सापडतो!

तेव्हा वाचकहो, सुटी संपल्यावर प्रगतिपुस्तकावर सही करायला जाल, तेव्हा गुण मागाहून पाहा. आधी मुख्याध्यापकांना विचारा, ‘आमच्या मुलाचा तो अर्धा तास कोणाकडे?’