खर्रा कोणत्या देवाला वाहतात?

आदिवासी पोरांना नशा शिकवावी लागत नाही, ती त्यांच्या संस्कृतीतच आहे, असं एका विद्वानांनी परवा भर सभेत ऐकवलं आणि टाळ्या घेतल्या. म्हणणं एवढंच: मोहाची दारू त्यांच्या देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते, मग पंधरा वर्षांच्या पोराने खर्रा तोंडात धरला तर आपण कशाला ढवळाढवळ करायची?

मोह आणि खर्रा एका दावणीला बांधलेच कसे? गडचिरोलीतल्या पानठेल्यावर घटकाभर थांबा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन ठेलेवाला खसाखसा घोटतो आणि पुडी बांधून हातावर ठेवतो. यातलं गोंड-माडियांच्या जंगलात काय पिकतं? सुपारी कोकण-कर्नाटकाकडची. सुगंधी तंबाखूला तर राज्यात बंदी, तरी ती ठेल्यापर्यंत पोचते. यातला कोणता जिन्नस पेनठाण्यात, म्हणजे गोंडांच्या देवस्थानात, वाहतात, ते विद्वानांनी दाखवून द्यावं. शिवाय ही लेकरं सहाव्या-सातव्या वर्षीच आश्रमशाळेत येतात. वर्षातले बहुतेक महिने घरापासून, गावातल्या तरुणांच्या गोटुलापासून, सणावारापासून लांब. खर्रा त्यांना भेटतो तो शाळेच्या फाटकाबाहेर. याला संस्कृती म्हणणं म्हणजे विकणाऱ्याचा गुन्हा पोराच्या आजोबांच्या माथी मारणं आहे. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक संशोधनाने २००४ मध्येच मान्य केलं. याच खर्ऱ्याने आखडलेल्या विशीतल्या पोराच्या तोंडात तीन बोटं उभी जात नाहीत, भाकरीचा घास कुस्करून सारावा लागतो, तेव्हा संस्कृतीचे हे कैवारी कुठे असतात?

‘बंदीने काही होत नाही’ हे तुणतुणं गडचिरोलीच्या दारूबंदीपासून ऐकतो आहोत. १९९३ ची ती बंदी गावांनीच, त्यातही बायांनी, भांडून मागितली होती. ती बाहेरून लादल्याचं सांगणाऱ्यांना हे आठवत नाही. ठेलेवाल्याच्या पोटाचं म्हणाल, तर त्याने चहा विकावा.

करायचं काय, तेही कायद्यात आहे. अठराच्या आतल्याला तंबाखू विकायची नाही, शाळेपासून शंभर यार्डांत तर कुणालाच नाही, हे २००३ पासून लिहिलेलं आहे. आदिवासी भागांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरून ग्रामसभेने फाटकासमोरचा ठेला उठवावा, पोलिसांनी तिच्या ठरावामागे उभं राहावं, आणि आश्रमशाळेच्या आरोग्य तपासणीत प्रत्येक पोराचं तोंड उघडून पाहावं.